तुम्ही अजून पाहत आहात का?

आमचा सेट-टॉप बॉक्स सोमवारी गेला. त्याच्या जागी नवा आणायचा नाही असं मी परस्पर ठरवलं आणि तिथेच चुकलो.

"आई, आता सगळं ॲपवर मिळतं. कधीही बघ. अगदी रात्री दोनला बघ."

"रात्री दोनला कशाला बघू? मालिका दुपारी दोनला असते."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

आईच्या दुपारला इतिहास आहे. १९९४ साली दूरदर्शनवर मंदिरा बेदीची ‘शांती’ लागायला लागली, तेव्हापासूनचा. पुढच्या वर्षी ‘स्वाभिमान’ आली. १९९७ मध्ये प्रतीक्षा लोणकरची ‘दामिनी’ सुरू झाली, तेव्हा आईला सासरहून माहेरी आल्यासारखं झालं; इतके दिवस हिंदीत रडावं लागत होतं. शेजारच्या काकू तांदूळ निवडायचं ताट घेऊन आमच्याकडे यायच्या. भाग संपायच्या आत तांदूळ संपू नयेत म्हणून निवडलेले पुन्हा निवडायच्या. त्या काळात त्यांच्या घरी कुणाच्या दाताखाली खडा आला असेल, असं मला वाटत नाही. दारावर कुणी आलं तर पाणी मिळायचं, पण जाहिराती लागल्यावर.

मी तेव्हा कॉलेजात होतो, म्हणजे नाक मुरडायच्या वयात. एक निरोप सांगायला तीन भाग लागतात, काल सांगितलेलं आज पुन्हा सांगतात, समोरासमोर उभी असलेली माणसंही एकमेकांना नावानं हाका मारतात, हे सगळं मला बावळटपणाचं वाटायचं. त्यामागचं शास्त्र फार उशिरा कळलं. १९३०च्या दशकात अमेरिकेत रेडिओवर दिवसाच्या या गोष्टी सुरू झाल्या. पैसे साबणवाल्यांचे, म्हणून नाव ‘सोप’. ऐकणारी बाई कामात असणार, हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक असायचं. म्हणून नावं पुन्हापुन्हा, म्हणून कालचं आज. कुकरच्या तीन शिट्ट्या मध्ये झाल्या तरी कथानकाला धक्का लागता कामा नये. अर्ध्या कानानं ऐकूनही पूर्ण कळेल असं लिहिणं सोपं नाही. आमच्या ऑफिसचे ईमेल पूर्ण डोळ्यांनी वाचूनही कळत नाहीत.

तर बॉक्स गेल्यावर तीन दिवस घरात मालिका नव्हती. मला वाटलं, सवय सुटेल. सुटतेही म्हणे. अमेरिकेत १९९५ साली ओ. जे. सिम्पसन या माजी फुटबॉलपटूवरचा खुनाचा खटला महिनोन्महिने दिवसाढवळ्या थेट दाखवला, मालिका बाजूला सारून. खटला संपला, पण गेलेल्या प्रेक्षकांपैकी बरेचसे काही मालिकांकडे परतले नाहीत. बायका नोकरीला लागल्या होत्याच, आता बिननोकरीच्यांनाही दुपार मोकळी मिळाली. रेडिओवर १९३७ साली सुरू होऊन टीव्हीवर आलेली ‘गायडिंग लाइट’ ७२ वर्षं चालून २००९ मध्ये बंद पडली. ‘डेज ऑफ अवर लाइव्ह्‌ज’ १९६५ पासून एनबीसी वाहिनीवर होती. २०२२ मध्ये तीही उचलून ॲपवर नेऊन ठेवली. म्हणजे त्या वर्षी तिकडेही कुणीतरी मुलगा आईशेजारी बसून "पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर लागतं" असं सांगत असणार. त्या अनोळखी माणसाबद्दल मला फार आपुलकी वाटते.

कारण आईची सवय तीन दिवसांत सुटली नाही. बुधवारी तिनं फक्त "बरं, नाही तर नाही" असं म्हटलं. हे वाक्य ज्याच्या आईनं म्हटलंय त्याला पुढचं सांगायला नको.

ॲप बसवलं. ओटीपी माझ्या फोनवर, फोन चार्जिंगला, चार्जर मुलीकडे. तो मिळेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. दुसरा आला. मग ‘कोण पाहत आहे?’ असा प्रश्न आणि खाली कार्टूनचे पाच चेहरे.

"यातली मी कुठली?"

"कुठलीही घे."

"चष्म्याचं एकही नाही?"

पुढे शीर्षकगीत सुरू झालं आणि कोपऱ्यात ‘वगळा’ अशी चौकट आली. मुलीनं सवयीनं ती दाबली. आईनं तिच्याकडे असं पाहिलं, जसं मंगलाष्टकं वगळा म्हणणाऱ्या भटजीकडे पाहावं. मुलगी सगळं दीडपट वेगानं बघते. एका रात्रीत अख्खी मालिका संपवते आणि सकाळी नायकाचं नाव विचारलं तर "तो उंच होता" एवढंच सांगते. आईला मात्र एक भाग संपला की टीव्ही बंद करायचा असतो. दहा सेकंदांत पुढचा आपोआप सुरू होतो, तेव्हा ती रिमोट शोधत अशी धावते, जणू दूध उतू चाललंय.

"अगं, लागलाय तर बघ ना."

"उद्याचं आज बघून उद्या काय करू?"

खरी पंचाईत काकूंची झाली. त्या आता मुलाकडे राहतात. रोज अडीचला दोघींचा फोन, अर्धा तास, विषय एकच. पहिल्या ॲपवाल्या दिवशी काकू चुकून दोन भाग पुढे गेल्या होत्या. "सांगू नका हं, मी अजून तिथवर आले नाही," असं आई म्हणाली आणि फोन मिनिटभरात संपला. बोलायला काही उरलंच नाही! नंतर दोघींनी तह केला. बरोबर दोन वाजता दोन्ही घरांत एकच भाग लावायचा, पुढे जायचं नाही. ‘कधीही बघा’ म्हणून मी महिन्याला पैसे भरतो, ते असे.

दोनची वेळ म्हणजे माझ्या मीटिंगची वेळ. घरून काम, बैठकीची खोली पलीकडे. मालिकेतल्या सुनेपुढे गेले आठ दिवस मालमत्तेचे कागद पडलेत, पेन हातात आहे. आवाज मीटिंगमध्ये जायला लागला म्हणून आईला हेडफोन दिले. हेडफोन लावलेल्या माणसाला आपण किती मोठ्यानं बोलतो ते कळत नाही, हे मी विसरलो.

आमच्या वरिष्ठ मॅडम सांगत होत्या, "म्हणजे या कंत्राटावर आपण आज सही करून टाकू." मी नेमकं काहीतरी बोलायला म्यूट काढलं होतं.

"सही करू नकोस बाई! फसवतायत तुला!"

शांतता. चौदा चौकटींमध्ये चौदा चेहरे. कॅमेरा तेवढा प्रत्येकावर तीनदा आदळायचा बाकी होता. मग कायदा विभागातला एक जण खाकरून म्हणाला, "खरं तर सातव्या कलमाबद्दल मलाही तेच वाटत होतं."

सही पुढे ढकलली गेली. मीटिंग संपल्यावर मला मॅडमचा खासगी मेसेज आला. मी राजीनाम्याच्या तयारीनं उघडला. ‘पण तिनं केली का सही?’

परवा दुपारी मी पाणी प्यायला बाहेर आलो. आई खुर्चीत डोळे मिटून, हेडफोन गळ्यात. भाग कधीचा संपला होता, पुढचेही दोन आपोआप होऊन गेले असावेत, कारण पडदा काळा पडला होता आणि टीव्ही विचारत होता, ‘तुम्ही अजून पाहत आहात का?’ मी दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. हळूच रिमोट उचलला आणि मागच्या भागाकडे बोट नेलं.

"ठेव तो," डोळे न उघडता आई म्हणाली. "सही उद्या आहे."

मी ग्लास घेऊन खोलीत परतलो आणि मॅडमना कळवलं: उद्या.