टेड विल्यम्स असा लढला नव्हता

अमेरिकी बेसबॉलपटू टेड विल्यम्सबद्दल एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. जपानने अमेरिकेच्या पर्ल हार्बर नौदल तळावर हल्ला करताच त्याने बॅट टाकून सैन्य गाठलं, दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमानं पाडली, कोरियाच्या युद्धात पुन्हा स्वखुशीने गेला, आणि ही पाच वर्षं गेली नसती तर बेब रूथ या जुन्या दिग्गजाचा ७१४ होमरनचा (होमरन म्हणजे साधारणपणे चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवणारा फटका) विक्रम त्यानेच मोडला असता, असं त्यात म्हटलेलं असतं. या खेळाडूबद्दल मला नितांत आदर आहे. म्हणूनच दुसऱ्याची गोष्ट त्याच्या नावावर खपवलेली मला बघवत नाही.

हल्ला होताच भरती झाला तो बॉब फेलर, क्लीव्हलंड संघाचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू. वडील कर्करोगाने आजारी असल्याने त्याला सूट मिळाली असती. तरी हल्ल्यानंतर दोनच दिवसांनी, ९ डिसेंबर १९४१ रोजी तो नौदलात गेला आणि पुढे ‘अलाबामा’ युद्धनौकेवर विमानवेधी तोफेवर उभा राहिला.

विल्यम्सचं तसं नव्हतं. १९४१ च्या हंगामात त्याची फलंदाजीची सरासरी .४०६ होती, म्हणजे मोजल्या जाणाऱ्या दर हजार संधींमागे ४०६ यशस्वी फटके. अमेरिकन किंवा नॅशनल या दोन प्रमुख लीगमध्ये त्यानंतर कुणालाही .४०० गाठता आलेलं नाही. आई त्याच्यावर अवलंबून असल्याने सक्तीच्या भरतीतून त्याला सवलत होती. जानेवारी १९४२ मध्ये ती काढून घेतली गेली; त्याने दाद मागितली आणि परत मिळवली. यावरून वर्तमानपत्रांनी त्याला झोडपलं, क्वेकर ओट्स या खाद्यपदार्थांच्या कंपनीने जाहिरातीचा करार मोडला. आईसाठी केलेली आर्थिक तजवीज पुरी व्हावी म्हणून एक हंगाम खेळू द्या, एवढंच त्याचं म्हणणं होतं. यात लपवण्यासारखं काय आहे? मे १९४२ मध्ये त्याने स्वतःहून नौदलाच्या वैमानिक प्रशिक्षणासाठी नाव नोंदवलं आणि हंगाम संपल्यावर तो गेला. त्या हंगामात सरासरी, होमरन आणि आपल्या फटक्यांवर संघाला धावा मिळवून देणं या तिन्हींत तो अमेरिकन लीगमध्ये पहिला होता.

महायुद्धात त्याने एकही विमान पाडलं नाही. १९४४ मध्ये तो मरीन दलाचा (नौदलाशी जोडलेल्या लढाऊ दलाचा) वैमानिक झाला आणि फ्लोरिडात पेन्साकोलाला नवख्या वैमानिकांना शिकवू लागला. त्याच्यावर लढाईची वेळ येण्याआधीच युद्ध संपलं. शिकवणं हीही सेवाच होती. तिला खोट्या पराक्रमाची जोड कशाला हवी?

कोरियाबाबतचा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो. तो राखीव दलात होता, मरीनना तयार वैमानिक हवे होते, म्हणून १९५२ मध्ये त्याला बोलावणं आलं. तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. त्याला हे मुळीच पटलं नव्हतं आणि पुढे तो राग त्याने उघड बोलूनही दाखवला. तरीही तो गेला आणि पँथर जेट विमानातून त्याने ३९ मोहिमा केल्या. त्यांतल्या बऱ्याच मोहिमांत तो जॉन ग्लेनचा जोडीदार होता. हेच ग्लेन पुढे अंतराळवीर झाले. काम होतं जमिनीवरच्या ठिकाणांवर हल्ले करण्याचं. १६ फेब्रुवारी १९५३ रोजी खालून झालेल्या माऱ्यात त्याचं विमान पेटलं. सव्वासहा फुटी उंचीमुळे आसनासह विमानाबाहेर फेकलं जाताना गुडघे मोडतील या भीतीने त्याने उडी टाळली आणि विमान सुवॉनच्या धावपट्टीवर पोटावर उतरवलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उडाला. मन राजी नसताना हे केलं म्हणून माझ्या लेखी त्याची किंमत वाढते. ‘स्वखुशीने गेला’ म्हटलं की नेमकं तेच पुसलं जातं.

राहिला ७१४ चा विक्रम. त्याच्या नावावर ५२१ होमरन आहेत. १९४२ मध्ये ३६ आणि १९४६ मध्ये ३८, म्हणजे मधल्या तीन हंगामांचे साधारण १११ धरू. १९५१ मध्ये ३० आणि १९५४ मध्ये २९ होते. त्या मानाने १९५२-५३ चे साठेक होतात. पण त्या दोन वर्षांत तो थोडा खेळला होता आणि १४ होमरन मारले होते, ते वजा करावे लागतील. बेरीज ६७८ च्या आसपास येते. युद्धकाळात अनेक चांगले पिचर सैन्यात होते, त्यामुळे आकडा वाढलाही असता. १९५० मध्ये कोपर मोडलं तशी दुखापत झाली असती तर घटलाही असता. ‘मोडलाच असता’ असं छातीठोकपणे सांगायला आधार नाही. पक्कं एवढंच की २४ ते २६ या ऐन उमेदीच्या वयातले तीन हंगाम त्याला एक दिवसही खेळता आले नाहीत.