दारू रक्तात नसते, फरक उपचारात असतो

आठवडाभर सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की व्यसनमुक्तीचे उपचार सगळ्यांना सारखेच मिळतात, ज्याला सोडायची असते तो सोडतो, काही समाजांच्या रक्तातच दारू असते, आणि अमेरिकेत एवढ्या सोयी असून काळे लोक नशेतच असतात हा म्हणे त्याचा पुरावा. शिकलेल्या लोकांनी त्याच्यावर अंगठे दिलेत म्हणून लिहायला बसलो.

आधी अमेरिकेचंच बघू. अफूच्या जातीच्या नशेवर तिथं ब्युप्रेनॉर्फिन नावाचं औषध देतात, त्यानं मरण टळतं. ओव्हरडोससारख्या कारणानं दवाखान्यात येऊन गेलेल्या लोकांना पुढच्या 6 महिन्यांत हे औषध मिळालं का, हे बघणारा एक मोठा अभ्यास 2023 मध्ये आला. गोऱ्यांमध्ये 23.3 टक्के लोकांना मिळालं, काळ्यांमध्ये 12.7 टक्के. आणि डॉक्टरकडच्या फेऱ्या दोघांच्याही जवळपास सारख्याच! म्हणजे माणूस दारात येतोय, डॉक्टरसमोर बसतोय, पण चिठ्ठीवर औषध येत नाही. ह्यात रक्त कुठं आलं?

आता रक्ताचं. घराण्यात व्यसन असलं तर धोका वाढतो हे खरंय, पण ते कुठल्याही घराण्यात, त्याला जात लागत नाही. सोलापूरजवळच्या मुळेगाव तांड्याचं, म्हणजे बंजारा वस्तीचं, नाव काढलं की लोक लगेच हातभट्टी म्हणतात. 2021 मध्ये तेव्हाच्या सोलापूर ग्रामीणच्या एसपी तेजस्वी सातपुते यांनी ऑपरेशन परिवर्तन सुरू केलं, नुसत्या धाडी न टाकता दुसरा रोजगार मिळवून द्यायचा प्रयत्न केला, कारण भट्टीच्या मागं पोटाचा प्रश्न आहे हे त्यांनी ओळखलं होतं. इंग्रजांनी 1871 च्या कायद्यानं काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा 1952 मध्ये गेला, त्या जमातींना जिथं कोंडून ठेवायचे त्या वसाहतीचं सेटलमेंट हे नाव मात्र आपल्या गावात अजून आहे. "रक्तातच दारू" हे त्याच कायद्याचं वाक्य आहे, फक्त मोबाईलवर आलंय.

आणि सारखे उपचार म्हणता? मागच्या वर्षी मार्केट यार्डातल्या आमच्या एका हमालाला घेऊन मी एका केंद्रात गेलो होतो. आदल्या दिवशीच दारू थांबवलेली, हात इतके थरथरत होते की बशीतला चहा शर्टावर सांडत होता. काउंटरवर नाव विचारलं, आडनाव विचारलं, पत्ता तांड्याचा सांगितला तसं त्या माणसानं पेन खाली ठेवलं. "ह्यांना कशाला आणता बे, चार दिवसांत पळतात. तीन महिन्यांचे पैसे आधी भरा." आमच्यानंतर आलेल्या एका दुकानदाराच्या पोराकडून एकाच महिन्याचे घेतले, त्याला डॉक्टरनं लगेच तपासलं, गोळ्या सुरू केल्या. आमच्या माणसाला पैसे भरूनसुद्धा कोपऱ्यात गादी दिली आणि झोप म्हणाले. रात्री त्याला फिट आली. उचलून सिव्हिलला नेला, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी मलाच झापलं, रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की दोन दिवसांत फिट येऊ शकते, गोळी तेव्हाच सुरू व्हायला पाहिजे होती म्हणाल्या. बी-वन व्हिटॅमिनचं इंजेक्शन दिलं आणि मग सलाईन लावलं.

म्हणून इच्छाशक्तीचं मला सांगू नका. इच्छा होती म्हणूनच तर त्यानं दारू थांबवली होती, आणि तीच त्याच्या जिवावर आली असती. 2019 च्या एम्सच्या देशव्यापी सर्व्हेत दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 माणसांमागं एकालाच कसलातरी उपचार मिळाल्याचं निघालं. उरलेल्या 37 जणांची इच्छाशक्ती कुणी मोजली?

आणि एक, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनातून होणारे आजारही येतात, त्यात जात बघून उपचारात भेदभाव करायला बंदी आहे. हे त्या काउंटरवाल्याला मला तेव्हा सांगता आलं नाही कारण मलाच माहीत नव्हतं. आता कुणाला घेऊन गेलो की पेन खाली ठेवायच्या आधीच सांगतो. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर व्यसनमुक्तीच्या सरकारी हेल्पलाइनला, 14446 वर, फोन लावा, फुकट आहे, आणि दारू घरीच एकदम तोडायला लावू नका, आधी डॉक्टरला दाखवा.