ड्राइव्ह दोन असल्या तरी मदरबोर्ड एकच असतो

‘विंडोज एका एसएसडीवर टाका, लिनक्स दुसरीवर. मग त्यांचा एकमेकांशी काही संबंधच येत नाही. तरी कधी लिनक्स सुरू झालं नाही, तर विंडोजने ग्रब उडवलं समजा आणि लिनक्स परत टाका.’ एकाच कॉम्प्युटरवर दोन्ही सिस्टीम ठेवणाऱ्यांना, म्हणजे ड्युअल बूटवाल्यांना, दिला जाणारा हा सल्ला सगळीकडे फिरतोय. (ग्रब म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, त्याचा बूटलोडर.) त्याचा पहिला भाग अर्धाच खरा आहे, आणि शेवटचं वाक्य ऐकून लोक धडधाकट सिस्टीम पुसून टाकतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी ‘संबंध येत नाही’ याबद्दल. फाइल्स वेगळ्या राहतात, हे मान्य. पण सुरुवातीला कोणाला उठवायचं, ही यादी ड्राइव्हवर नसतेच. मशीन चालू होताच सगळ्यात आधी धावणारं मदरबोर्डचं सॉफ्टवेअर, यूईएफआय, ती मदरबोर्डच्या मेमरीत ठेवतं. बूटलोडर असतो ईएसपी नावाच्या छोट्या पार्टिशनमध्ये. दोन्ही ड्राइव्ह जोडलेल्या ठेवून इन्स्टॉल केलं, तर दुसऱ्या सिस्टीमचा बूटलोडर पुष्कळदा आधीच्याच ईएसपीत जाऊन बसतो. विंडोजचा सेटअप हे करतो, उबुंटू या लिनक्सचा जुना इन्स्टॉलरही करायचा.

माझ्याकडे हेच झालं. बहिणीच्या लॅपटॉपसाठी मी विंडोजची जुनी एसएसडी काढली आणि नव्या ड्राइव्हवरचं लिनक्स, ज्याला बोटही लावलं नव्हतं, ते सुरू होईना. मशीन थेट बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यावर, जायचं. जुनी ड्राइव्ह परत बसवली, तर लिनक्स मुकाट्याने सुरू! टर्मिनलमध्ये बूटची यादी दाखवणारी ‘एफीबूटएमजीआर’ कमांड चालवून लिनक्सच्या ओळीतला पार्टिशन आयडी घेतला आणि ड्राइव्ह-पार्टिशन दाखवणाऱ्या ‘एलएसबीएलके’च्या यादीत शोधला. तो निघाला काढलेल्या ड्राइव्हवरच्या 100 एमबीच्या पार्टिशनचा. नव्या ड्राइव्हवर ईएसपी केली, कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं हे सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये तिचा आयडी घातला, ग्रब पुन्हा बसवलं. एकही फाइल गेली नाही.

आता ‘विंडोजने ग्रब उडवलं’. यूईएफआय मशीनवर बहुतेक वेळा विंडोज फक्त यादीत स्वतःला वर घेतं. ग्रबची फाइल जागच्या जागी असते. बूट मेन्यू उघडून पाहा, लिनक्सचं नाव दिसलं तर क्रम बदलला की काम झालं. उलट तक्रारही येते: ग्रबच्या मेन्यूत विंडोजच नाही. तेही कुठे गेलेलं नसतं. 2021 मध्ये आलेल्या ग्रब 2.06 पासून दुसऱ्या सिस्टीम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद असतो. ग्रबच्या सेटिंगमध्ये तो चालू करून मेन्यू नव्याने तयार करायचा.

एकदा मात्र दोष खरोखर विंडोजच्या अपडेटचा होता. ऑगस्ट 2024 च्या अपडेटने जुने बूटलोडर नाकारणारं एसबॅट धोरण लागू केलं. ड्युअल बूटच्या मशीनना ते लागणार नाही असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं, तरी अनेकांना लागलं आणि ‘एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड’ म्हणून लिनक्स अडलं. हे धोरणही मदरबोर्डच्याच मेमरीत, म्हणजे वेगळ्या ड्राइव्हचा उपयोग शून्य. ‘परत टाका’चाही नाही, कारण जुनी लाइव्ह यूएसबी (जिच्यावरून लिनक्स थेट चालतं) तीसुद्धा त्याच तपासणीत अडकायची. उपाय होता सिक्युअर बूट (फक्त विश्वासू बूटलोडरच चालू देणारी तपासणी) बंद करून लिनक्समध्ये शिरायचं आणि ‘मोकयुटिल’ कमांडने ते धोरण काढायचं.

घड्याळही दोघांत एकच. लिनक्स त्यात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ मानतं, म्हणून लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलात की घड्याळ साडेपाच तास मागे. मदरबोर्डवरची बॅटरी बदलायला धावू नका, ‘टाइमडेटसीटीएल’ कमांडने लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगा. आणि विंडोजची ड्राइव्ह लिनक्समध्ये फक्त वाचता येत असेल, तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना शट डाउन पूर्ण होतच नाही.

नव्याने इन्स्टॉल करणार असाल तर दुसरी ड्राइव्ह तेवढ्यापुरती काढून ठेवा. आणि सिक्युअर बूटला हात लावण्याआधी बिटलॉकरची (विंडोजची ड्राइव्ह कुलूपबंद करणाऱ्या एन्क्रिप्शनची) 48 अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या; ती मागितली गेली आणि तुमच्याकडे नसली, तर विंडोजमधला डेटा खरोखरच हाती लागणार नाही.