‘पोरखेळ’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार,

पीव्हीसी पाइपमध्ये जुन्या टीव्हीचे स्पीकर बसवण्याबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं: "थील-स्मॉल पॅरामीटर न मोजता डबा बनवणं हा निव्वळ पोरखेळ आहे. असल्या भंगारातून बेस येत नाही. दोन स्पीकर पॅरलल जोडायला सांगून लोकांचे अँप जाळाल. आत कापूस किती भरायचा तेही धड सांगितलेलं नाही."

(इतर वाचकांसाठी: थील-स्मॉल पॅरामीटर म्हणजे डब्याचं माप ठरवायला लागणारे, स्पीकरवर मोजलेले आकडे.) कापसाचं मान्य. ‘मूठभर’ लिहिण्याऐवजी वजन द्यायला हवं होतं, ते लेखात घालतो.

आता पोरखेळ. मतभेद असू द्या, पण हा शब्द पहिल्याच वाक्यात कशासाठी? ज्यानं आयुष्यात पहिल्यांदा सोल्डरिंग गन हातात घेतली आहे, तो तुमचं हे वाक्य वाचून गन खाली ठेवेल. मला त्याचा जास्त राग आला.

आणि मुद्दा तरी कुठे टिकतो? राइस आणि केलॉग यांनी मूव्हिंग कॉइल स्पीकर, म्हणजे चुंबकात हलणाऱ्या तारेच्या गुंडाळीनं कोन हलवणारा स्पीकर, मांडला १९२५ मध्ये. थील यांचा डब्याच्या गणितावरचा निबंध आला १९६१ मध्ये, स्मॉल यांचं काम त्याच्याही पुढे, १९७० च्या दशकात. मधल्या काळात जगानं जे ऐकलं ते काय होतं? एडगर व्हिलचर यांचा एआर-१ हा बंद डब्याचा स्पीकर १९५४ चा. थील-स्मॉल पॅरामीटर तेव्हा जन्मालाही आले नव्हते. ती गणितं अमूल्य आहेत, मीही वापरतो. पण गणित आलं नाही तर डब्याला हात लावायचा नाही, हा नियम कुणी केला?

माझं लहानपण वडिलांच्या दुरुस्तीच्या टेबलाशी गेलं. स्पीकर हातात आला की ते दोन्ही अंगठ्यांनी कागदी कोन अगदी हलके, समान दाबून कान जवळ नेत. खरखर आली की व्हॉइस कॉइल (कोनाला जोडलेली तारेची गुंडाळी) घासतेय, तो स्पीकर बाजूला. मग दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवायचा. कोन पुढे उसळला तर सेलचं पॉझिटिव्ह टोक ज्या टर्मिनलला लागलं, तिथे लाल खूण. ही खूण चुकली तर एक कोन पुढे जातो तेव्हा दुसरा मागे येतो आणि दोघं मिळून बेस खातात. हे मी कोणत्याही तक्त्यातून शिकलो नाही. तुम्ही भंगारातला एक तरी स्पीकर असा दाबून पाहिला आहे का?

मोजायचंच असेल तर रेझोनन्स, म्हणजे ज्या सुराला कोन आपसूक सर्वांत सहज हलतो तो, घरी मोजता येतो. स्पीकरच्या सिरीजमध्ये एक किलोओहमचा रेझिस्टर घाला, अँपमधून हळूहळू चढता सूर सोडा, स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर धरा. व्होल्टेज जिथे सर्वांत जास्त, तो रेझोनन्स. हे त्याच लेखात शेवटून दुसऱ्या परिच्छेदात आहे. टीका करण्याआधी निदान पूर्ण वाचायचं सौजन्य दाखवायला हवं होतं.

बेसबद्दल थोडक्यात. तीन इंची कोनातून ४० हर्ट्झचा दणका मिळेल असं मी कुठेही म्हटलेलं नाही. मागची लाट पुढच्या लाटेला मारते, म्हणून पाइप दोन्ही बाजूंनी बंद करायचा, इतकंच म्हटलं आहे. उघडा स्पीकर आणि बंद पाइपमधला स्पीकर एकामागून एक ऐकून पाहा. तबल्याचा डग्गा पहिल्यात जवळजवळ ऐकूच येत नाही, दुसऱ्यात घुमतो.

अँप जळण्याबद्दल: आठ ओहमचे दोन पॅरलल जोडले की चार ओहम होतात आणि चार ओहम चालवणारं अँप घ्या असं लेखात लिहिलेलं आहे. यावर आणखी बोलायचं कारण नाही.

तुमच्याकडे अशा जुन्या स्पीकरांची मोजमापं असतील तर जरूर पाठवा, लेखात जोडेन. आकड्यांना उत्तर देईन. ‘पोरखेळ’ला पुन्हा देणार नाही.