मुंबई ते न्यूयॉर्क साडेपाच तासांत? नाही!

'मुंबईहून रात्री दीडला निघालेलं विमान त्याच सकाळी सातला न्यूयॉर्कला उतरतं, म्हणजे प्रवास फक्त साडेपाच तासांचा' असा मजकूर फिरतोय. तो चुकीचा आहे. तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या शहराच्या असतात. हिवाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. हिवाळ्यातले साडेपाच अधिक साडेदहा, म्हणजे सोळा तास. सुमारे साडेबारा हजार किलोमीटरचं अंतर प्रवासी विमानाला साडेपाच तासांत कापता येतच नाही.

परतीला दीड-दोन तास कमी लागतात, हे मात्र खरं. पण 'पृथ्वी खालून फिरते म्हणून' हे त्याला जोडलेलं कारण खोटं आहे. वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरतं. तसं नसतं तर जमिनीवर आपल्याला उभं राहणंच अशक्य झालं असतं. खरं कारण आहे जेट स्ट्रीम, म्हणजे साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. मुंबईकडे येणाऱ्या विमानाला ते पाठीमागून ढकलतात, जाणाऱ्याला समोरून अडवतात.

घरचे वयस्कर पहिल्यांदाच एकटे निघाले असतील तर औषधांच्या वेळा पूर्ण सोळा तास धरूनच ठरवा.