कसाऱ्याला पहिला नंबर? काय राव!

स्पोर्ट्स कारवाल्यांसाठी नाशिकजवळच्या बेस्ट वळणांच्या रस्त्यांची जी यादी दिलीय, तिच्यात मुंबई-नाशिक महामार्गावरचा कसारा घाट पहिला ठेवलाय, हे काही पटलं नाही बुवा. अहो तिथे पुढे कंटेनर, मागे कंटेनर आणि जळक्या ब्रेकचा वास, दुसऱ्या गियरच्या वर जाताच येत नाही. जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाला, ८ किमीचा बोगदा घाट टाळून जातो, तरी ट्रक काही संपले नाहीत.

खरी मजा त्र्यंबकहून मोखाडा-जव्हारकडे जाताना. तोरंगण घाटात एक वळण संपतंय तोवर दुसरं, सकाळी लवकर निघालात तर रस्ता मोकळा आणि इंजिनाचा आवाज डोंगरावरून परत ऐकू येतो. फक्त गावांच्या तोंडाशी स्पीडब्रेकर आहेत, बसकी गाडी तिरकी घेऊनच उतरवा नाहीतर बंपर खालून खरवडलाच म्हणून समजा. पावसाळ्यात धुकं आलं की नाद सोडा, समोरची एसटी अगदी अंगावर आल्यावर दिसते. आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते हो, नियमच आहे तो, पण सापुताऱ्याच्या रस्त्याला वीकेंडला येणाऱ्या अर्ध्या लोकांना तो माहीतच नसतो!