'जो'च्या जागी 'हू' ठेवला की झालं?

भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या मोबाइलवर महिनाभर इंग्रजी व्याकरणाचा एक मेसेज फिरतोय: "जो म्हणजे हू, जे म्हणजे विच. शंका आली तर दॅट टाका, कुठंही चालतो. स्वल्पविराम नुसती सजावट." आमच्या गावच्या अभ्यासिकेत तर कुणीतरी तो पुठ्ठ्यावर उतरवून भिंतीला लावलाय.

घात पहिल्याच वाक्यात आहे. मराठीत 'जो' आला की मागून बहुधा 'तो' येतो, आणि पोरं तो 'तो'ही इंग्रजीत नेतात. परवा एकीनं लिहिलं, 'द मॅन हू बॉट अवर कॉटन, ही इज फ्रॉम हिंगणघाट.' मी 'ही' खोडला, तर म्हणे, "मंग हिंगणघाटचा कोण, हे कसं समजन जी सर?" प्रश्न रास्त आहे. आपल्या कानाला ते वाक्य लंगडंच वाटतं. पण 'इज'चा कर्ता 'द मॅन' आधीच बसलाय. 'ही' घातला की एका क्रियापदाला दोन धनी. 'द वेल दॅट वी ड्रिंक फ्रॉम इट' मधला 'इट'ही असाच आगंतुक.

आणि बोलताना आपण 'जो-तो' म्हणतो तरी किती? "काल कापूस घेऊन गेलेला माणूस" म्हणतो. वर्णन आधी, माणूस शेवटी. इंग्रजीत माणूस आधी, वर्णन त्याच्या पाठीला. सराव या उलटापालटीचा हवा.

दॅट सगळीकडे चालत नाही. 'द बस इन दॅट आय केम' चूक. 'इन विच आय केम' म्हणा, नाहीतर 'दॅट आय केम इन'. 'द मॅन दॅट' मात्र बरोबर आहे, त्यावर उगाच लाल शाई नको. 'हूज', म्हणजे 'ज्याचा', मेसेजमध्ये नाहीच. तो वस्तूलाही लागतो: कवेलू उडालेलं घर, 'द हाउस हूज रूफ ब्ल्यू ऑफ'.

राहिली सजावट. 'द फार्मर्स हू ग्रू कॉटन लॉस्ट एव्हरीथिंग': बुडाले ते कापूसवाले, सोयाबीनवाल्यांबद्दल अवाक्षर नाही. 'हू'च्या आधी आणि 'कॉटन'नंतर स्वल्पविराम द्या: आता ज्यांच्याबद्दल बोलणं चाललंय ते सगळेच बुडाले, आणि सगळ्यांचा कापूसच होता. पंचनामा इंग्रजीत लिहायची वेळ आली, तर सोयाबीनवाला या दोन स्वल्पविरामांच्या घोळापायी यादीबाहेर राहील.